अठरा मिलीमीटर आणि छत्तीस तास

…आणि विचारलं कुणाला? मला नाही! खडा माझा, पोट माझं, पिवळे डोळे माझे, आणि तो डॉक्टर अखौरी माझ्या डोक्यावरून पलीकडे माझ्या मुलाला विचारतोय, "माताजींचं वय काय?" अरे बाबा, माताजी इथेच बसल्यात की! स्टुलावर! जिवंत! विचार की त्यांनाच! पण नाही. आमचा बिपिन लगेच हात जोडून, आवाज खाली आणून सांगतो, जणू काही माझी चोरीच पकडलीय, "शहात्तर, डॉक्टरसाहेब. वय झालंय मायचं." मग दोघांनी मिळून एक उसासा टाकला. तुम्हाला सांगते, त्या उसाशात माझं तेराव्याचं जेवणसुद्धा उरकलं होतं! मी म्हटलं, "डॉक्टर, वय झालंय, कान नाही गेले. जे काय आहे ते इकडे तोंड करून बोला."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई फारच फटकळ. आहेच! सदतीस वर्षं मी ह्या भागलपूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय. फुलेश्वरी दीदीजी म्हटलं की व्हरांड्यातली कबुतरंसुद्धा रांगेत बसायची. आणि ह्या वयात मला कोण सांगणार, तर ज्याच्या आईकडून मी पाढे पाठ करून घेतले, तो अखौरी!

सुरुवात कशी झाली सांगते. श्रावणात. आमची दुलहिन, म्हणजे बिपिनची बायको नूतन, बँकेत असते, चष्मेवाली, सकाळी चहाचे दोन पेले पोटात गेल्याशिवाय जिला स्वतःचं नाव आठवत नाही, ती एकदम माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणते, "अम्माजी, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." मी म्हटलं, "तुझा चष्मा पूस." दुसऱ्या दिवशी म्हणते, "हातही पिवळे." मी म्हटलं, "हळद कुटलीय." आता हळद मी कुटली होती आषाढात, पण सुनेसमोर कबूल कोण करणार? तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर कावळे सावली शोधतायत, आणि मी गोधडी मागतेय! अशी हुडहुडी भरली की खाट आपोआप भिंतीकडे सरकत होती. तेव्हा मात्र नेलं मला उचलून.

तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर पित्ताच्या नळीत खडा. मी म्हटलं, शक्यच नाही. पित्ताची पिशवी बारा वर्षांपूर्वीच काढलीय माझी! खडे तिच्यासकट गेले, मी बरणीत बघितलेत! तर अखौरी म्हणतो, "माताजी, पिशवी काढली, पण नळी राहिलीय ना? नळीत नव्यानं झाला." म्हणजे बघा, घर पाडलं तरी भाडेकरू गल्लीत ठाण मांडून बसला! आणि लहानसहान नाही, अठरा मिलीमीटर. चांगली सुपारीएवढी गाठ. आणि जिथे बसलाय तिथून खाली नळी अरुंद. आता अठराचा खडा सातच्या नळीतून बाहेर काढा… हे गणित मी पाचवीच्या मुलींना घातलं असतं तर मुख्याध्यापिकेनं मला बोलावून घेतलं असतं.

आणि मग शेजारीपाजारी! तुम्हाला सांगते, आमच्या ह्या गंगाकाठी खडा नाही असं घर नाही, त्यामुळे औषध नाही असं तोंड नाही. चौबाइन, आमची शेजारीण, सकाळी सकाळी कुळथाचं पाणी घेऊन हजर. "प्या जिज्जी, माझ्या भावाचा खडा तीन दिवसांत पडला." मी प्यायले. लोटाभर. रोज. अखौरीला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. "माताजी, तिच्या भावाचा खडा मूत्रपिंडात होता! तो मोहल्लाच वेगळा!" मग कुणी म्हणालं मोहरीचं तेल सोडा, त्यानंच होतं सगळं. मोहरीचं तेल सोडा? मग भाजलेल्या वांग्या-बटाट्याचा चोखा कशात कालवू, गंगाजळात? शहात्तर वर्षं जे अंगाला लावलं, पोटात घातलं, दिव्यात जाळलं, ते एका सुपारीसाठी सोडू? नाही सोडलं. वय झालंय, जीभ नाही गेली!

तर पहिल्यांदा दुर्बीण घातली. तोंडातून, पोटातून, थेट नळीच्या दारात. आत पू साचला होता म्हणे, तो वाहून गेला आणि ताप उतरला, तेवढं मान्य. पण खडा? नळीचं तोंड कापून मोठं केलं, फुग्यानं ताणलं, जाळी टाकली, धरायला बघितलं… जाळीत मावेना! शेवटी खड्याच्या बाजूनं एक प्लास्टिकची बारीक नळी सारून दिली, पित्त वाहतं राहावं म्हणून, आणि म्हणाले, "तीन महिन्यांनी या."

श्रावणात तीन मिळवा. कार्तिक! आणि कार्तिक म्हटल्यावर माझ्या पोटात जो गोळा आला ना, तो खड्याचा नव्हता.

छठ! अहो, माझी छठ! दिवाळीनंतर सहावा दिवस. चाळीस वर्षं केलीय मी, एकही न चुकवता. पहिल्या दिवशी नहाय-खाय, म्हणजे आंघोळ करून एकदाच सात्त्विक जेवायचं. दुसऱ्या संध्याकाळी खरना, गुळाची खीर आणि पोळी, आणि त्यानंतर छत्तीस तास पाण्याचा थेंब नाही. मग कमरेएवढ्या गंगेत उभं राहून, हातात फळांनी भरलेलं सूप धरून, मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या पहाटे उगवत्याला. नवरा गेला त्या वर्षीही धरली. पाय मुरगळला त्या वर्षी काठी टेकत पाण्यात उतरले. कारण हे व्रत मनात आलं म्हणून सोडता येत नाही. घरातल्या दुसऱ्या बाईनं सूप हातात घ्यावं लागतं, तरच सुटतं. माझ्या सासूनं मला दिलं. आणि हीच माझी सासू, जिनं मला तिच्यासमोर कधी खुर्चीवर बसू दिलं नाही, ती त्या पहिल्या पहाटे घाटावर, भर गर्दीत, माझ्या पायाशी वाकली! वाकावंच लागतं. व्रत करणारीच्या पायाशी सगळे वाकतात, थोर-लहान बघत नाहीत. खोटं कशाला बोलू, तेव्हापासून छत्तीस तासांची तहान मला कधी लागलीच नाही.

पण माझ्यानंतर कोण? नूतन? दोन पेले चहावाली? म्हणून मी ठरवलं होतं, जोवर कुडीत जीव आहे तोवर सूप माझ्याच हातात. आणि आता मधेच हा अठरा मिलीमीटर!

आश्विनात अखौरीनं बोलावलं आणि बसली पंचायत. बिपिन, नूतन, फोनच्या पडद्यावर सुरतेहून थोरला, आणि मी. मी कुठे? कोपऱ्यात, वजनकाट्याशेजारी. अखौरी कागदावर चित्र काढून सांगतोय. एक, पोट उघडायचं, नळी चिरून खडा काढायचा. दोन, काही करायचं नाही, दर तीन महिन्यांनी प्लास्टिकची नळी बदलत राहायची. खडा झिजला तर झिजला, पण नळी तुंबली की पुन्हा ताप, पुन्हा हुडहुडी. तीन, कलकत्त्याहून एक डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतो, दुर्बिणीच्या आतून आणखी एक केसाएवढी दुर्बीण घालतो आणि लेझरनं खडा आतल्या आत फोडतो. थोरला सुरतेहून लगेच, "नळीच ठेवा. ह्या वयात कशाला फोडाफोडी!" बिपिन, "हो ना, ह्या वयात!" नूतन गप्प. अखौरीसुद्धा मान हलवायला लागला, "फार थकलेल्या रुग्णांमध्ये आम्हीही कधीकधी नळीवरच…"

मी उठले. वजनकाटा खडखडला. म्हटलं, "डॉक्टर, थकलेला रुग्ण कोण? तीन मजले चढून आलेय, तुमची लिफ्ट बंद होती! मला सांगा, नळी आत असताना मला छत्तीस तास निर्जळी राहता येईल?" म्हणाला, "अजिबात नाही." "खडा निघून गेला तर?" म्हणाला, "मग… पुढे बघू." "लेझरनं निघण्याची शक्यता?" "दहातले आठ-नऊ." "आणि नळ्या बदलत बसले तर वर्षाला चार वेळा तुमच्याकडे, शंभरीपर्यंत शहाण्णव वेळा! शहाण्णव वेळा हे दांडकं गिळू? लेझर. लिहा." थोरला फोनमधून ओरडतोय, "माय, वयाचा विचार कर!" मी म्हटलं, "वय झालंय, अक्कल नाही गेली!" आणि फोन उलटा ठेवला. अखौरी हसला. तारीखही दिली, दिवाळीच्या आधीची. खडा गेला की छठीला बारा-तेरा दिवस मोकळे. मी मनात सूपसुद्धा घासून ठेवलं.

आता इथे… इथे जरा माझं चुकलं. सांगते, पण हसायचं नाही.

कागदावर लिहून दिलं होतं, आदल्या रात्री बारानंतर काही खाऊ नये. मी वाचलं. हसू आलं. बारापासून सकाळपर्यंत? ह्याला काय उपास म्हणतात? एवढा वेळ तर मी पेपर तपासताना सहज उपाशी राहायचे! एवढं मोठं काम, आणि तयारी अशी कंजूस? म्हटलं, आपण रीतसर करू. छठी मैयाला हात जोडले, मैया, तू खडा काढून दे, मी आत्तापासूनच धरते. आणि तारखेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी गुळाची खीर खाल्ली, पोळी खाल्ली आणि बंद! अन्न बंद, पाणी बंद, रक्तदाबाची गोळी बंद, कारण गोळी पाण्याबरोबर जाते ना! बिपिननं चहा आणला, तो जास्वंदीला घातला. नूतननं मोसंबीचा रस ठेवला, तो तुळशीला. दोन्ही झाडं त्या दिवशी टवटवीत होती, मी मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत भिंत धरून चालत होते. पण मान ताठ!

खाटेवर झोपवलं. भूल देणारी डॉक्टरीण आली, तोंडाला पट्टी, डोळे तेवढे दिसतायत. विचारते, "शेवटचं कधी खाल्लंत?" मी म्हटलं, "परवा संध्याकाळी." तिचं पेन थांबलं. "परवा? आणि पाणी?" "तेव्हाच!" तुम्हाला सांगते, मला वाटलं ही आता टाळ्या वाजवणार, सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवणार, बघा, असा रुग्ण हवा! तर तिनं माझ्या हाताची कातडी चिमटीत धरली, जीभ बघितली, रक्त काढायला सांगितलं. आकडा आला. मूत्रपिंडं रुसलेली, रक्तदाब चढलेला. "आज भूल देणार नाही. रद्द."

रद्द! मी उसळले. "अगं ए मुली, छत्तीस तास मी चाळीस वर्षं राहिलेय! तू कोण मला…" तिनं पट्टी खाली केली. "दीदीजी, मी शबनम आरा. आठवी ब, खिडकीजवळचा बाक." झालं! नखं खाणारी शबनम! लसावि-मसाविची गल्लत करणारी शबनम! आणि ती काय म्हणाली माहितेय? अगदी माझ्याच आवाजात, बोट वर करून! "दीदीजी, तुम्हीच सांगायचात ना, आधी प्रश्न नीट वाचा, मग सोडवा? प्रश्नात रात्री बारा लिहिलं होतं. तुम्ही परवा संध्याकाळपासून कुणाचा प्रश्न सोडवत होतात?" सदतीस वर्षांत मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी निमूट सलाइनसाठी हात पुढे केला. बिपिन अजून सांगतो, त्या दिवशी खरी काळजी वाटली मायची.

दोन दिवस सलाइन लावून ठेवलं आणि मग दिली पुढची तारीख. कलकत्तावाला पंधरवड्यातून एकदा येतो ना? पंधरा दिवस मोजा. मीही मोजले, बोटांवर, मग कॅलेंडरवर, मग पुन्हा बोटांवर. नहाय-खायचा दिवस! छठीचा पहिला दिवस, नेमका! म्हणजे मैयासाठी जादाचा उपास धरला आणि त्या उपासानंच मैयाचा उपास बुडवला!

मी सरळ सांगितलं, येणार नाही. खडा राहिला तरी चालेल, छठ झाल्यावर बघू. अखौरी घरी आला हो, समजवायला! म्हणतो, "माताजी, आतल्या नळीची मुदत संपलीय. तीन महिने उलटले. ती तुंबली आणि तुम्ही निर्जळी पाण्यात उभ्या, तर घाटावरून थेट…" मी म्हटलं, "घाटावरून थेट गेले तर बरंच, वाहनाचा खर्च वाचेल." बिपिन रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, आईसमोर भोकाड! आणि खरं सांगू? मलाही आतून भीती वाटत होती. मरणाची नाही हो. माझ्याबरोबर सूप अडगळीत जाईल, त्याची. चाळीस वर्षं ज्यासाठी थंडीत कुडकुडले, ते माळ्यावर उंदीर कुरतडतील, त्याची.

तेव्हा नूतन बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. चष्मा काढला, पुसला, लावला. "अम्माजी, तुम्ही खडा काढून घ्या, सूप मी धरते. दोन्ही कामं एकीला जमायची नाहीत."

"तू? अगं, चहाशिवाय तुला नीट दिसत नाही!"

"दहा दिवस झाले चहा सोडून. तुमची नवी तारीख कळली त्याच दिवशी. तुमचं लक्ष नव्हतं."

नव्हतं लक्ष. खरंच नव्हतं. सगळा मोहल्ला माझ्याकडे बघतोय की नाही, ह्यावर माझं लक्ष! दुसऱ्याच्या पेल्यात काय आहे हे मी बघितलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, एवढं पाणी तरी लेझरच्या आधी चालतं ना?

तर गेले बाई. ह्या खेपेला बारा वाजेपर्यंत जेवले, सांगितलं तेव्हापर्यंत पाणी प्यायले, शबनमनं घड्याळ दाखवून दोनदा पाठ म्हणून घेतलं. आणि झोपवलं मला! तिकडे टीव्हीवर सगळा तमाशा. कलकत्तावाला ठिणग्या पाडतोय, खडा फुटतोय, तुकडे उडतायत, वॉर्डबॉयसुद्धा बघून गेला. माझ्या पोटातला सिनेमा आणि मलाच तिकीट नाही! उठल्यावर विचारलं, "खडा द्या माझा. घरी न्यायचाय." अखौरी म्हणतो, "चुरा झाला माताजी, आतड्यात सोडून दिला. जुनी नळीही काढली, आता आत काही नाही." तीन महिने मला नाचवलं आणि शेवटी तोंड न दाखवताच पळाला!

खरन्याच्या दिवशी घरी सोडलं. अट एकच, पाणी भरपूर प्यायचं. बघा! आयुष्यात पहिल्यांदा छठीच्या दिवसांत मला पाणी प्या म्हणून दटावत होते. तिकडे नूतन न्हाऊन, ओल्या केसांनी मातीच्या चुलीवर खीर रांधतेय. मी खाटेवरून म्हटलं, "गूळ कमी पडेल." म्हणाली, "अम्माजी, स्वयंपाकाकडे तोंड करून बोलू नका." माझंच वाक्य! प्रसादाचे ठेकुआ, म्हणजे गूळ-कणकेच्या जाड पुऱ्या, तळताना मी एक सरळ करायला हात पुढे केला, तर, "हात धुतलेत?" हेही माझंच! ह्या मुलीनं अठरा वर्षं गप्प राहून सगळं पाठ केलं होतं.

शेवटच्या पहाटे बरारी घाटावर गेलो. धुकं, दिवे, उसाच्या मांडवांची रांग, आणि पाण्यात आमची नूतन, ओठ निळे, सूप मात्र सरळ. जराही कललं नाही. सूर्य वर आला, अर्घ्य झालं, ती बाहेर आली, आणि लागली रांग पाया पडायला. चौबाइन वाकली. बिपिन वाकला, स्वतःच्या बायकोच्या पायाशी! शबनम प्रसादाला आली होती, तीही वाकली. सगळे वाकले आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हळूच पोटाला हात लावला. "मला कसलं वाकता येतंय, आत्ताच एवढं मोठं आजारपण…"

मागून आवाज आला. अखौरी! हाही घाटावर! "वाका की माताजी! खडा गेला, नळी गेली. वाकायला काहीच हरकत नाही."

मी घाबरून म्हणून गेले, "अहो डॉक्टर, वय झालंय माझं!"

तुम्हाला सांगते, सगळा घाट ऐकत होता. तो मेला गालात हसला आणि म्हणाला, "वय झालंय, कंबर नाही गेली."

वाकले. काय करणार! चाळीस वर्षं लोकांना वाकवलं, आता आपली पाळी. आणि नूतननं तिचा थंडगार ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि अगदी मनापासून आशीर्वाद दिला, "शंभर वर्षं जगा, अम्माजी."

शंभर! शंभरातून शहात्तर गेले… चोवीस. अजून चोवीस वर्षं, दर कार्तिकात, हिच्या पायाशी! वजाबाकी तीनदा करून बघितली हो. बरोबर आहे.